मदत हवी आहे: कासवावरच्या जळवा न आखडता कशा टिकवायच्या?

नमस्कार मंडळी,

भंडारा जिल्ह्यातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांमधल्या कासवांच्या परजीवींवर माझं पीएचडीचं काम सुरू आहे. कासव म्हणजे मागचे पाय कातडी झडपांखाली झाकून घेणारं, लिसेमिस पंक्टाटा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मधला प्राणी, त्यामुळे वनविभागाची लेखी परवानगी घेतली आहे. मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांच्या जाळ्यात आलेलं कासव तपासायचं आणि तिथेच सोडायचं, एवढंच आम्ही करतो.

मोठी अडचण जळवांची. त्या नेमक्या त्या झडपांच्या आत, मांडीच्या मऊ कातडीला चिकटून असतात. गेल्या आठवड्यात एकाच कासवावर अकरा मिळाल्या. चिमट्याने अलगद सोडवून थेट ७० टक्के अल्कोहोलमध्ये टाकल्या, तर सगळ्यांच्या मुगाएवढ्या गोळ्या झाल्या. डोळे दिसेनात, अंगावरची वलयं मोजता येईनात, मग ओळख पटवायची कशावरून? एकीच्या पोटाखाली पिल्लं बिलगलेली होती, तीही सुटून बाटलीच्या तळाशी बसली. फार हळहळ वाटली.

आधी पाण्यात थेंब थेंब अल्कोहोल वाढवत त्यांना सुस्त करायचं, हे वाचलंय. पण तलावाच्या पाळीवर बसून हे करताना साधारण किती वेळ द्यायचा? पुरती सुस्त झाली हे तुम्ही कशावरून ओळखता? डीएनए काढायचा आहे, म्हणून फॉर्मेलिन नको. एक काका मीठ टाकून जळू सोडवतात, पण मिठाने ती पोटातलं रक्त ओकते आणि मला तेच तपासायचं आहे. कासवाच्या तांबड्या पेशींतले हीमोग्रेगरीन (रक्तातले एकपेशीय परजीवी) जळवांमार्फतच पसरतात ना!

दुसरं, रक्ताचे स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा पातळ थर. आधी रक्त गोठू नये म्हणून ईडीटीएच्या नळीत घेतलं आणि पेशी फुटल्या. बऱ्याच कासवांच्या बाबतीत असं होतं हे नंतर कळलं, आता त्याऐवजी हेपॅरिन वापरते. तरी या दमट हवेत स्मिअर लवकर सुकत नाही, पेशी आक्रसतात. मग गिम्सा रंग दिल्यावर केंद्रकाशेजारी दिसतंय तो परजीवी की रंगाचा डाग, हे ठरवता येत नाही. पेशी पक्क्या करायला मिथेनॉलमध्ये बुडवण्याआधी स्लाइड सुकवायला कोणी बॅटरीवरचा छोटा पंखा वापरलाय का?

पुढची फेरी रविवारी आहे. ज्यांनी स्वतः हाताने हे काम केलंय त्यांनी त्याआधी सांगितलं तर या खेपेच्या जळवा वाचतील.