मदत हवी आहे: कारंगाहाके (न्यूझीलंड), सोन्याच्या खाणी, डोंगर आणि धबधबा एकाच दिवसात जमेल का?

नमस्कार मंडळी,

ऑकलंड-हॅमिल्टनकडच्या भटक्यांकडून सल्ला हवा आहे.

माझे सासरे सध्या आमच्याकडे आले आहेत. वय ६७. सगळी नोकरी भंडारा जिल्ह्यातल्या मँगनीजच्या खाणीत झाली. रोज पहाटे चालायला जातात, चढावर दम लागत नाही, पण लांब उतार आला की डावा गुडघा दुखतो. इथे आल्यापासून त्यांनी एकच गोष्ट मागितली आहे: सोन्याची जुनी खाण बघायची, आणि ती संग्रहालयात नाही, चालत जाऊन. त्यामुळे पायरोआ आणि वाइहीच्या मधली कारंगाहाके घळ ठरवली आहे.

मनात असलेला बेत असा. ऑकलंडहून पहाटे निघायचं. झुलते पूल ओलांडून वाइटाफेटा नदीच्या कडेचा विंडोज वॉक, म्हणजे कड्याच्या पोटातले ते बोगदे, ज्यांच्या खिडक्यांतून खाणकामगार निरुपयोगी दगड खाली नदीत लोटत. मग क्राउन या जुन्या खाणीच्या ट्रामवाटेनं थोडं आत. तिथून कारंगाहाके डोंगर (५४४ मीटर). खाली उतरून जुन्या रेल्वेच्या बोगद्यातून ओफारोआ धबधबा, आणि शेवटी वाइकिनोची व्हिक्टोरिया बॅटरी, म्हणजे सोन्याचा दगड कुटायचा जुना कारखाना.

बाबांना ज्या गोष्टीत खरा रस आहे ती आधी सांगते, म्हणजे काय गाळायचं नाही ते कळेल. ओहिनेमुरीचं हे क्षेत्र १८७५ मध्ये सोन्यासाठी खुलं झालं. पण इथलं सोनं गारेच्या दगडात इतकं बारीक विखुरलेलं की दगड कुटून पाऱ्यानं धरलं तरी जेमतेम निम्मं हाती लागायचं. १८८९ मध्ये क्राउनच्या खाणीवर सायनाइडची पद्धत, म्हणजे कुटलेल्या दगडातलं सोनं सायनाइडच्या द्रावणात विरघळवून काढायची पद्धत, वापरली गेली. खाणीवर प्रत्यक्ष वापर होण्याची जगातली ती पहिली वेळ मानतात. बाबांना क्राउनचे ते अवशेष बघायचे आहेत, शिवाय वुडस्टॉक खाणीचं जमिनीखालचं पंपघरही. खाणीत आयुष्य गेलेल्या माणसाला खालच्या थरांतलं पाणी कसं उपसलं हा प्रश्न सोन्याहून मोठा वाटतो, हे मला त्यांच्याशी बोलताना कळलं.

तर प्रश्न: डोंगर धरून हे सगळं एका दिवसात झेपेल का? उताराची वाट किती खडी आहे? सह्याद्रीच्या कुठल्या वाटेशी तुलना करता येत असेल तर बाबांना समजावणं सोपं जाईल. आणि मार्चअखेरीला धबधब्याला पाणी असतं का?

– भंडाऱ्याची_सून

---

हॅमिल्टनकर:

ताई, डोंगर आणि वाइकिनो दोन्ही एका दिवसात तरुणांना जमतं, पण तुमच्या बाबांसाठी मी तसं करणार नाही. चढण खडी आहे, वाटेत झाडांची मुळं आणि चिखल. राजगडाच्या गुंजवणे बाजूच्या वाटेनं ते उतरले असतील तर अंदाज येईल, फरक इतकाच की इथे दाट झाडीमुळे माती लवकर सुकत नाही. गुडघा उतरतानाच त्रास देणार, आणि त्यानंतर उरलेलं सगळं ते नुसतं उरकतील. ज्यासाठी आले तेच मग निवांत बघता येणार नाही.

माझं मत: शिखर सोडा. विंडोज, पंपघर, क्राउनची ट्रामवाट यांना अख्खी सकाळ द्या. ट्रामवाट नदीच्या कडेनं जाते, चढ फारसा नाही. ज्यांना घाम गाळायचा आहे त्यांनी तिथून डब्बो ९६ नावाची चढाची वाट धरावी, बाबांबरोबर एकजण मागे थांबावा. जेवून मग रेल्वेचा बोगदा. किलोमीटरभराहून थोडा लांब आहे. आत दिवे असतात, तरी प्रत्येकाकडे हेडलॅम्प हवा, कारण विंडोजच्या बोगद्यांत दिवे नाहीत. ही पायरोआ–वाइही रेल्वे १९०५ मध्ये सुरू झाली आणि काइमाई डोंगरातून नवा रेल्वे बोगदा झाल्यावर १९७८ मध्ये बंद पडली. आता त्या मार्गावर सायकली आणि पायी चालणारे असतात. वाट सपाट, गुडघ्याला उत्तम.

दोन गाड्या असतील तर एक वाइकिनो स्टेशनवर लावून ठेवा, परत चालायचं वाचेल.

---

रानवाट:

हॅमिल्टनकरांशी सहमत. धबधब्याबद्दल लिहिते. ओफारोआ तीन टप्प्यांत पडतो आणि रेल्वेमार्गावरून फाटा फुटतो, वाइकिनोच्या आधी. उन्हाळ्याअखेर धार बारीक होते, पण कोरोमंडलच्या डोंगरांत एक जोराचा पाऊस झाला की लगेच भरतो. मात्र ज्या पावसानं धबधबा भरतो, त्याच पावसानं घळीतल्या नद्या फुगतात आणि कड्यांवरून दगड सुटतात. विंडोज वॉक दरडीमुळे याआधी बंद राहिला आहे. आदल्या संध्याकाळी डॉकच्या, म्हणजे इथल्या वनखात्याच्या, संकेतस्थळावर ती वाट चालू आहे का बघाच, आणि मोठा पाऊस झाला असेल तर दिवस पुढे ढकला.

सगळ्यात महत्त्वाचं: खुणा केलेली वाट सोडू नका. झाडीत जुनी उभी विवरं आहेत, वर नेचे आणि वेली वाढल्यामुळे ती दिसत नाहीत. जाळी लावलेल्या बोगद्यात डोकावायचा मोह बाबांना नक्की होईल, त्यांना आधीच सांगून ठेवा. बूट घासून धुऊन या आणि वाटेत सफाईचं ठिकाण दिसलं तर वापरा. कौरीच्या झाडांना मारणारा रोग मातीतून पसरतो, बुटाला लागलेली चिमूटभर माती पुरते.

व्हिक्टोरिया बॅटरीला घाई करू नका. वाइहीच्या मार्था खाणीतला दगड रेल्वेनं तिथे यायचा आणि दोनशे स्टॅम्पर, म्हणजे यंत्रावर चालणारी लोखंडी मुसळं, तो कुटायचे. आज सायनाइडच्या टाक्यांचे काँक्रीटचे पाये उरलेत आणि टेकडीत खोदलेल्या दगड भाजायच्या भट्ट्या. खाणीतला माणूस तिथे तासभर सहज रमेल.

---

भंडाऱ्याची_सून:

दोघांचे मनापासून आभार. बाबांना वाचून दाखवलं. राजगड त्यांनी पाहिलेला नाही, पण शिखर सोडायला लगेच तयार झाले. उलट मार्थाचा दगड इतक्या लांब रेल्वेनं का आणत, कुटण्यासाठी पाण्याची ताकद हवी म्हणून का, यावर अर्धा तास बोलले. आता ठरलं: सकाळ विंडोज, पंपघर आणि क्राउन, दुपारी बोगदा, धबधबा, व्हिक्टोरिया. नवरा आणि दीर डब्बो ९६ करतील, मी बाबांबरोबर राहीन.

एक उरलं. घळीत मोबाइलला रेंज नीट मिळत नाही असं ऐकलं आहे. दोन गट वेगळे होणार, म्हणून लोकेटर बीकन (संकटात उपग्रहामार्फत मदत मागायचं छोटं यंत्र) भाड्यानं घ्यायचं आहे. आदल्या दिवशी घेऊन दुसऱ्या दिवशी परत करता येईल असं ठिकाण ऑकलंडच्या दक्षिण भागात कुणाला माहीत आहे का? आणि बीकन कोणत्या गटाकडे द्यावं, डोंगरझाडीत जाणाऱ्यांकडे की बाबांजवळ?

---

हॅमिल्टनकर:

डब्बोवाल्यांकडे. तुम्ही रहदारीच्या वाटेवर असाल, तिथे मदत लवकर मिळते, आणि रेंज असेल तर आणीबाणीचा १११ नंबर लागतो. पण दोन्ही गटांनी भेटायची वेळ आणि जागा कागदावर लिहून घ्या, आणि घरी राहणाऱ्या कुणालातरी तोच कागद द्या. भाड्याचं ठिकाण मी विचारून इथेच टाकतो.