म्युनिकहून वीकेंडला साल्झबुर्ग, पहिलीच ट्रिप आहे, मदत हवीये

सांगलीचा_पोरगा:
नमस्कार मंडळी, मी ऑक्टोबरपासून म्युनिकला मास्टर्स करतोय. आल्यापासून रूम, लेक्चर, लायब्ररी आणि सुपरमार्केट एवढंच चाललंय. परवा आईने व्हिडिओ कॉलवर विचारलं, काय काय बघितलंस रे तिकडं, आणि मला सांगायला काही सुचेचना. ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेले पैसे) महिन्याला ९९२ युरो येतात, निम्म्याहून जास्त भाड्यातच जातात, वर बाबांनी कर्ज काढलंय त्यामुळे फिरायचं म्हटलं की हात आखडतो. वर्गातली पोरं दोन रात्री प्रागला चाललीत, मला ते झेपणार नाही. ऑस्ट्रियातलं साल्झबुर्ग जवळ आहे असं ऐकलंय. डॉइचलंड टिकीटवर, म्हणजे जर्मनीभर लोकल-रिजनल गाड्यांना चालणाऱ्या महिन्याच्या पासवर, जाता येतं का? माझं रेसिडेन्स कार्ड अजून आलेलं नाही, पासपोर्टवरचा डी व्हिसा (जास्त दिवस राहायचा) एप्रिलपर्यंत आहे, तेवढ्यावर ऑस्ट्रियात चालतं का? आणि मी पूर्ण शाकाहारी आहे. एका दिवसात होईल का की मुक्काम करू?

इसार_काठची_ताई:
अरे जा बिनधास्त, आणि आईला सांगून जा. डॉइचलंड टिकीट साल्झबुर्गच्या मेन स्टेशनपर्यंत चालतं, पण फक्त रिजनल गाडीत. त्याच रुळावरून रेलजेट आणि युरोसिटी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या पण जातात, लवकर पोचते म्हणून त्यात बसलास तर तिकीट नाही असंच धरतात. रिजनलने पावणेदोन-दोन तास लागतात. जाताना डाव्या खिडकीला बस, रोझेनहाइमनंतर कीमझे तलाव दिसतो, आणि उजवीकडे आल्प्स, त्यामुळे येताना उलटी बाजू पकडायची. निघायच्या आदल्या रात्री ॲपवर बघ, वीकेंडला रुळाचं काम काढतात मग मध्येच बसने नेतात.

व्हिसाचं म्हणशील तर व्हॅलिड डी व्हिसावर शेंगेनमधल्या (युरोपातला सामायिक व्हिसाचा गट, ऑस्ट्रिया त्यात आहे) दुसऱ्या देशांत १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, त्यामुळे काळजी नको. मुक्काम करू नकोस. तुझं गाडीभाडं पासमध्येच सुटतंय मग रात्रीचे पैसे कशाला घालवायचे, राहिलेलं बघायला परत जाशील.

कोथरूड_ते_म्युनिक:
ताईंनी सगळं सांगितलं, फक्त एक, पासपोर्ट खरा जवळ ठेव, फोटो नको. मी पहिल्या वर्षी रूमवर ठेवून गेले होते, हरवेल या भीतीने. सप्टेंबर २०१५ पासून जर्मनी ऑस्ट्रियाच्या हद्दीवर परत तपासणी करते, येताना पोलीस गाडीत चढले, मी फोनमधला फोटो दाखवला, तो चालत नाही म्हणून खाली उतरवलं. अडीच तास बाकावर बसून होते, डोळ्यातून पाणी थांबत नव्हतं. चूक माझीच होती पण तुझ्यावर ती वेळ येऊ नये.

शेंगाचटणी_सोलापूर:
मित्रा खाण्याचं मी सांगतो, मी पण शाकाहारीच. कासनोकन नावाचा प्रकार मिळतो, पिठाच्या छोट्या गोळ्या भरपूर चीजमध्ये आणि वरून तळलेला कांदा, लोखंडी तव्यातच आणून ठेवतात. एकाला तो जड होतो. कासप्रेसक्नोडल मात्र सूपमध्ये घेऊ नको, ते गोळे चीजचे असले तरी सूप बहुतेक बीफचं असतं, विचारूनच घे.

पण मी खरं सांगू का, हॉटेलात जाऊच नको. सांक्ट पीटर मठाच्या कबरस्तानाजवळ एक जुनी बेकरी आहे, पायऱ्या उतरून खाली जायचं, दारातच पाणचक्की फिरत असते आणि आत लाकडाच्या भट्टीत आंबवलेल्या पिठाचा काळा पाव भाजतात, वजनावर देतात. मी अर्धा किलो घेतला, कागदातून हाताला चटका बसत होता. नदीकाठी बसून आईने दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाल्ला, आंबट पाव आणि तिखट चटणी, घर सोडून तीन महिने झाले होते तेव्हा, पहिल्यांदा पोट भरल्यासारखं वाटलं. रविवारी बंद असते म्हणून शनिवारीच जा.

इसार_काठची_ताई:
हो शनिवारच, रविवारी दुकानंही बंद. आणि छत्री घे, तिकडच्या पावसाला श्नुर्लरेगन म्हणतात, म्हणजे दोऱ्यासारखा पाऊस, आपली संततधारच ती. मिराबेल बाग फुकट आहे, म्योंखसबेर्गच्या डोंगरावर चालत गेलास तर सगळं गाव खाली दिसतं, तेही फुकट. पैसे खर्च करायचेच तर एका ठिकाणी कर, गेट्राइडगासे ९ ला मोझार्टचं जन्मघर, त्याचं लहानपणचं व्हायोलिन तिथे आहे, नाहीतर गावावरचा होहेनसाल्झबुर्ग किल्ला. दोन्ही एका दिवसात दामटू नकोस, नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो.

सांगलीचा_पोरगा:
सगळ्यांचे मनापासून आभार, काल जाऊन आलो. पावणेसातची गाडी पकडली, डावी खिडकी मिळाली, तलावावर धुकं होतं त्यामुळे पाणी असं दिसलं नाही पण पांढरं पांढरं काहीतरी लांबवर पसरलेलं, तेच बघत बसलो. पाव घेतला, चटणी माझ्याकडे नव्हती, लोणचं होतं, चाललं. नदीवरच्या पायी पुलावर कुलपं लावून ठेवलीत हजारो, तिथून किल्ला समोर दिसतो, तिथूनच घरी कॉल लावला. बाबा म्हणाले चांगला उंच दिसतोय, कधीचा आहे, मी सांगितलं १०७७ ला बांधायला घेतलेला. आईने सगळं नीट बघितलं आणि विचारलं, गडावर पाणी आहे का रे?

मला माहीत नव्हतं. मोझार्टच्या घरी जायचं ठरवलं होतं ते सोडलं आणि किल्ल्यावर गेलो, रुळावरून वर नेणाऱ्या गाडीने नाही, चालत, वीसेक मिनिटं पण चढ चांगला दमवतो. वरच्या चौकात एक मोठं पाण्याचं टाकं आहे, १५३९ सालचं. त्याचा फोटो काढून आईला पाठवला. येताना तपासणी झाली, पासपोर्ट दाखवला, दोन मिनिटांत झालं. सगळे मिळून बावीस युरो गेले. आता आईने बाबांना विचारायला लावलंय की पुढच्या महिन्यात कुठला गड बघणार.