मदत हवी आहे : ‘पुट ऑफ’ या इंग्रजी क्रियापदाला नेमके मराठी शब्द कोणते?

नमस्कार. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सूचना इंग्रजीत निघतात आणि त्यांचा मराठी मजकूर तयार करून जिन्याखालच्या फलकावर लावण्याचे काम गेली दोन वर्षे माझ्याकडे आहे. माझे इंग्रजी कामापुरते बरे आहे, परंतु ‘पुट ऑफ’ या दोन शब्दांनी मला एकदा चांगलेच तोंडघशी पाडले, म्हणून जाणकारांना विचारतो आहे.

मागच्या वर्षी ‘द मीटिंग हॅज बीन पुट ऑफ’ अशी एका ओळीची सूचना माझ्याकडे आली. ‘ऑफ’ म्हणजे बंद, या समजुतीवर विसंबून मी ‘सभा रद्द करण्यात आली आहे’ असे लिहून मोकळा झालो. नवी तारीख नंतर केवळ व्हॉट्सॲपच्या गटावर, तीही इंग्रजीत कळवली गेली. सभा भरली तेव्हा फलक वाचून निर्धास्त झालेली ज्येष्ठ मंडळी घरीच होती आणि पार्किंगच्या शुल्कवाढीचा ठराव त्यांच्या गैरहजेरीत संमत झाला. त्यानंतर कित्येक दिवस मला जिन्यातून खाली मान घालून ये-जा करावी लागली.

आता पुन्हा तीन वाक्ये समोर आहेत. पहिले गच्चीच्या गळतीचे काम घेतलेल्या कंत्राटदाराविषयी आहे : ‘ही हॅज बीन पुटिंग अस ऑफ सिन्स जून.’ दुसरे एका तक्रारअर्जातले : ‘द स्मेल नियर द लिफ्ट पुट्स व्हिजिटर्स ऑफ.’ तिसरे गच्चीच्या दारावर लावायचे : ‘पुट ऑफ द लाइट्स.’ तिन्ही ठिकाणी ‘पुढे ढकलणे’ बसत नाही, एवढे मला कळते. शिवाय पुढे ढकलणे, लांबणीवर टाकणे, तहकूब करणे आणि स्थगित करणे हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद १

आपली चूक पुष्कळांची होते, कारण ‘कॉल ऑफ’ आणि ‘पुट ऑफ’ ही जोडी कानाला सारखीच वाटते. फरक लक्षात राहावा म्हणून मी विद्यार्थ्यांना 2020 सालचे उदाहरण देतो. त्या वर्षी करोनामुळे विम्बल्डनची स्पर्धा झालीच नाही, म्हणजे ती ‘कॉल ऑफ’ झाली. टोकियोचे ऑलिंपिक मात्र 2021 च्या जुलैमध्ये भरले, म्हणजे ते ‘पुट ऑफ’ झाले होते.

अर्थ ठरवताना ‘ऑफ’कडे पाहू नका, कर्माकडे पाहा. कर्म काम, सभा किंवा तारीख असेल तर ‘पुढे ढकलणे’ आणि कर्म माणूस असेल तर अर्थ बदलला असे समजा. माणसाला इंग्रजीत दोन तऱ्हांनी ‘पुट ऑफ’ करतात. सबबी सांगून त्याला परत पाठवत राहणे ही एक तऱ्हा आणि एखाद्या गोष्टीवरून त्याचे मन उडवणे ही दुसरी. कंत्राटदार पहिल्या तऱ्हेचा आहे, तेव्हा ‘जूनपासून तो आपल्याला झुलवत ठेवतो आहे’ हे सरळ मराठी झाले. ‘आज येतो, उद्या येतो म्हणून वाटेला लावतो’ असेही म्हणता येईल, परंतु कार्यालयीन पत्रात ते जरा सैल वाटेल. ‘तोंडाला पाने पुसणे’ मात्र वापरू नका, त्यात उघड फसवणुकीचा आरोप येतो आणि मूळ वाक्यात तो नाही.

लिफ्टजवळच्या वासाचे वाक्य दुसऱ्या तऱ्हेचे. इंग्रजीत वास माणसावर काहीतरी करतो, तर मराठीत माणसाचेच मन विटते, त्यामुळे वाक्याची मांडणीच फिरवावी लागेल : ‘लिफ्टजवळच्या दुर्गंधीमुळे येणाऱ्याजाणाऱ्यांचे मन विटते.’ ‘परावृत्त होतात’ हा शब्द कोशात सापडेल, पण तो निश्चयापासून मागे फिरण्याचा आहे, नाक दाबून पुढे जाणाऱ्या पाहुण्याचा नव्हे. याच अर्थाची एक छटा लक्ष उडण्याची आहे. कॅरम खेळताना कुणी शेजारी हसू लागला तर इंग्रजीत ‘यू आर पुटिंग मी ऑफ’ म्हणतात आणि आपण ‘हसू नकोस, माझा नेम चुकतो’ म्हणतो.

आता आपल्या चार शब्दांविषयी. ‘पुढे ढकलणे’ म्हणजे इंग्रजीतले ‘पोस्टपोन’; त्यात नवी तारीख ठरलेली किंवा निदान अपेक्षित असते. ‘लांबणीवर टाकणे’ यात तारखेचा पत्ता नसतो आणि बोलणाऱ्याची नाराजी बहुधा असते. आळसाने किंवा मुद्दाम केलेल्या अशा कामाला ‘चालढकल’ म्हणावे. इंग्रजीतला ‘प्रोक्रॅस्टिनेट’ हा जड शब्द तिथला, आणि त्याच्या पोटात ‘उद्या’ या अर्थाचा लॅटिन शब्द ‘क्रास’ दडलेला आहे. ‘स्थगित’ शब्द सूचनेत जपून वापरा, कारण ऐकणाऱ्याला न्यायालयाची स्थगिती आठवते आणि कुणीतरी आडवे आले असावे असे वाटते.

‘तहकूब’बाबत तर आपल्यासारख्यांनी फार काटेकोर असले पाहिजे. सभा बोलावली, वेळ झाली, पुरेसे सभासद जमले नाहीत म्हणून ती थांबवली, तर ती तहकूब झाली. इंग्रजीत त्याला ‘ॲडजर्न’ म्हणतात. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे अशा तहकूब सभेला पुन्हा भरताना गणपूर्तीची अट राहत नाही. याउलट मुळात भरण्याआधीच पुढे ढकललेल्या सभेला ती राहते. तुम्ही फलकावर चुकीने ‘तहकूब’ लिहिले आणि पुढे चार डोकी जमवून ठराव झाले, तर भांडण शब्दाचे न राहता ठरावाच्या वैधतेचे होईल.

व्याकरणाची एकच गोष्ट सांगतो : सर्वनाम नेहमी मध्ये येते, ‘पुट इट ऑफ’, ‘पुट ऑफ इट’ हे चुकीचे आहे.

प्रतिसाद २

गच्चीच्या दारासाठी ‘जाताना दिवे बंद करावेत’ एवढे पुरे. आमच्या आजीच्या तोंडी ‘दिवा मालव’ होते, पण विजेच्या बटणाला आता ते फारसे कुणी म्हणत नाही. इंग्रजीतही तिथे ‘स्विच ऑफ’ अधिक रुळलेले आहे. सचिवांना तसे सुचवल्यास पुढच्या वेळी आपला एक घोटाळा तरी टळेल.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. गणपूर्तीचा मुद्दा वाचून मागच्या वर्षीची सूचना पुन्हा काढून पाहिली. ती सभा भरण्याच्या दोन दिवस आधीच पुढे ढकललेली होती, म्हणजे ‘तहकूब’ लिहिले असते तरी मी चुकलोच असतो. कंत्राटदाराचे वाक्य ‘झुलवत ठेवतो आहे’ असे लिहून सचिवांकडे दिले. त्यांनी ते दोनदा वाचले, हसले आणि इंग्रजी पत्रापेक्षा हेच पत्र त्याला पाठवा म्हणाले.