खोटी सुई टोचूनही आराम पडत असेल, तर पैसे कशाचे घेता?

कंबरकस

आईच्या कंबरदुखीला चौथं वर्ष लागलं. एमआरआय झाला, पट्टा झाला, शेक झाला, गोळ्या तर चालूच. शेवटी मावशीच्या आग्रहावरून ॲक्युपंक्चर सुरू केलं. दहा सिटिंगचं पॅकेज आहे, त्यातली सात झाली. प्रत्येक वेळी मी शेजारी बसलोय. केसासारखी बारीक सुई, ती प्लॅस्टिकच्या नळीत घालायची, वरून बोटाने एक टिचकी, की गेली आत. रक्ताचा थेंब नाही. मग सुई चिमटीत धरून हलकेच फिरवतात आणि विचारतात, "आजी, जड वाटतंय का?" आई म्हणते, "हां, आता आलं जडपण." चिनी वैद्यकात याला 'दे-ची' म्हणतात, म्हणजे त्या जागी 'ची', अंगात वाहते असं मानलेली प्राणशक्ती, पोचली.

आईला फरक पडला, हे आधीच कबूल करतो. पाचव्या सिटिंगनंतर ती खाली मांडी घालून मेथी निवडत बसली. तरी माझं मत असं की हा प्रकार उपचार म्हणून विकू नये. महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा वेगळा कायदा केला, ती घाई झाली.

कारण सांगतो. जर्मनीत पाठीच्या जुन्या दुखण्याच्या ११६२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, निष्कर्ष २००७ मध्ये छापून आले. एका गटाला नियमाप्रमाणे सुया. दुसऱ्याला मुद्दाम भलत्याच जागी, वरवर टोचलेल्या सुया. तिसऱ्याला नेहमीचे उपचार, म्हणजे औषधं, फिजिओथेरपी, व्यायाम. सहा महिन्यांनी आराम पडलेले: खऱ्या सुयांत ४७.६ टक्के, भलत्या सुयांत ४४.२ टक्के, नेहमीच्या उपचारांत २७.४ टक्के.

सुई कुठेही टोचली तरी जवळजवळ तेवढाच गुण येत असेल, तर दवाखान्याच्या भिंतीवरचा तो ३६१ बिंदूंचा, म्हणजे सुया टोचायच्या ठरलेल्या जागांचा आणि 'ची'च्या वाहिन्यांचा, नकाशा कशासाठी? आईला सांगतात, "तुमची मूत्रपिंडाची वाहिनी अडली आहे." अशी वाहिनी शवविच्छेदनात आजवर कुणाला सापडलेली नाही. दुखणाऱ्या माणसाला खोटं कारण सांगून पैसे घेणं मला पटत नाही.

सांधेदुखी_ग्रस्त

अहो, तिसरा आकडा तुम्हीच दिलात आणि त्याच्यावरून उडी मारून गेलात! २७ कुठे आणि ४४ कुठे? माझ्या वडिलांनी पंधरा वर्षं गुडघ्यासाठी वेदनाशामक गोळ्या खाल्ल्या. आज रक्तातलं क्रिएटिनिन वाढलंय, म्हणजे मूत्रपिंडं थकलीत, आणि डॉक्टर म्हणतात, आता एकही गोळी नको. त्यांना मी काय सांगू, नकाशा चुकीचा आहे म्हणून दुखणं सोसा? याच चाचण्यांचे निकाल बघून जर्मनीतल्या सरकारी आरोग्य विम्याने पाठ आणि गुडघा या दोन दुखण्यांसाठी सुयांचा खर्च द्यायचं ठरवलं. तिथले लोक काही भोळे नाहीत. वेदना ही ज्याची त्याला कळते.

हाडवैरी

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून लिहितो. ताई, त्या २७ मध्ये एक मेख आहे. त्या रुग्णांची पाठ सरासरी आठ वर्षं दुखत होती. गोळ्या, व्यायाम, मसाज असले उपचार त्यांना नवे नव्हते. सुया मिळतील या आशेने आलेल्या माणसाच्या हातात पुन्हा जुनंच दिलं, तर तो नाराज होणारच. आणि आराम किती पडला हे रुग्णानेच सांगायचं होतं. ब्रिटनमध्ये 'नाइस' या संस्थेने २०१६ साली पाठदुखीच्या शिफारशींतून ॲक्युपंक्चर काढून टाकलं. पण २०२१ मध्ये, कारण न सापडणाऱ्या दीर्घ दुखण्यांसाठी त्याच संस्थेने ते सुचवलं, हेही सांगायला हवं.

सिद्धेश्वर_पेठ

आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस हीच विद्या शिकून चीनमध्ये अमर झाले. निदान त्यांचा तरी मान ठेवा.

जुनी_पानं

कोटणीसांबद्दल आदर आहे म्हणूनच दुरुस्ती करतो. १९३८ मध्ये गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी ते एक. चीनमध्ये त्यांनी केल्या त्या शस्त्रक्रिया, आघाडीजवळ, जखमी सैनिकांवर. १९४२ च्या डिसेंबरात वयाच्या ३२ व्या वर्षी गेले. ॲक्युपंक्चर भारतात आणलं त्याच पथकातल्या डॉ. बिजॉयकुमार बसूंनी, १९५० च्या दशकाच्या अखेरीस, कलकत्त्यात. कोटणीसांचं नाव सुयांच्या जाहिरातीत वापरलेलं दिसलं की वाईट वाटतं. त्यांचं काम मुळातच एवढं मोठं आहे.

दवणा

सगळे सुयांवरच अडलात. चिनी वैद्यकाने जगाला दिलेली खरी देणगी मलेरियाचं औषध आहे. व्हिएतनाम युद्धात सैनिक मलेरियाने मरत होते, म्हणून १९६७ मध्ये चीनने गुप्त प्रकल्प काढला. त्यातल्या 'तू यूयू' नावाच्या चिनी संशोधक बाईंनी शेकडो जुने पाठ चाळले. चौथ्या शतकातल्या गे होंग या चिनी वैद्याच्या ग्रंथात छिंगहाव या झुडपाबद्दल लिहिलं होतं: मूठभर घ्या, पाण्यात भिजवा, पिळून रस प्या. उकळा असं कुठेच नाही! बाईंनी ओळखलं की उष्णतेने गुण जातोय. मग कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरून अर्क काढला आणि रुग्णांच्या आधी स्वतः घेतला. २०१५ चं नोबेल मिळालं. आपण जोतिबाला वाहतो तो दवणा या झुडपाचा सख्खा भाऊबंद. जुन्या पोथ्या मोडीत काढू नका एवढंच म्हणणं.

हाडवैरी

पोथी उघडा, पण बाईंसारखं तपासा. बेल्जियममध्ये १९९० च्या सुमारास वजन उतरवायला चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या. त्यात एका मुळीच्या जागी नावात साधर्म्य असलेली दुसरीच गेली, मूत्रपिंडाला विषारी असं ॲरिस्टोलोकिक आम्ल असलेली. शंभरावर बायकांची मूत्रपिंडं खराब झाली. सुई निदान एकदाच वापरायची असते आणि डोळ्यांना दिसते. पुडीत काय आहे ते कोण बघणार?

कंबरकस

सगळे प्रतिसाद वाचले. दवणा, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूने आहे. तिथे अर्क वेगळा काढला, रुग्णांवर पारखला, आणि 'ची'चं नाव न घेता आफ्रिकेतही तो चालतो. सुयांचं असं काही झालेलं नाही. कायद्याबद्दलचं मत कायम आहे. सांधेदुखी_ग्रस्त, तुमच्या वडिलांच्या बाबतीत मात्र मी वाद घालणार नाही.

काल रात्री आईला कागदावर तिन्ही आकडे लिहून दाखवले. भलत्या जागी टोचलं म्हणजे काय, तेही समजावलं. तिने कागद बराच वेळ बघितला आणि २७ वर बोट ठेवून विचारलं, "ह्यांना मग नंतर दिल्या का रे सुया?"

मंगळवारी आठवं सिटिंग आहे. घेऊन जाणार आहे.