‘तू नेमका कुठला?’ : परदेशातल्या सोमाली घरांतली मुलं (अनुभव धागा)

मिनियापोलिसमधलं सीडर-रिव्हरसाइड, टोराँटोचा डिक्सन रोड, स्टॉकहोमचं रिंकेबी, लंडन, कार्डिफ. १९९१ च्या जानेवारीत सोमालियात सियाद बार्रेचं सरकार कोसळलं, यादवी चिघळली, आणि सोमाली कुटुंबं जिथे जिथे पोचली तिथे बहुतेक ठिकाणी आपली मराठी माणसंही आहेत. कोणी शाळेत, कोणी दवाखान्यात, कोणी नुसतीच शेजारी. त्या घरांतली मुलं आता पंचविशी-तिशीला आली, काहींना स्वतःची मुलं झाली. ‘दोन संस्कृतींच्या कात्रीत सापडलेली पिढी’ हे त्यांच्याबद्दल इतक्यांदा लिहून झालंय की त्यापलीकडचं काही वाचायला मिळत नाही. म्हणून हा धागा. ज्यांचा या मुलांशी रोजचा संबंध आहे त्यांनी पाहिलेलं, ऐकलेलं लिहावं. सोमाली मित्रमैत्रिणींनी सांगितलेलं असेल तर त्यांना विचारून मराठीत द्यावं. मुलांची खरी नावं नकोत. आणि समुद्री चाच्यांवरचे विनोद कृपया दुसरीकडे.

मिनियापोलिसहून, शाळेच्या ऑफिसात काम करणारी

माझं अर्धं काम नावांशी झगडण्यात जातं. सोमाली माणसाला आडनाव नसतं. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आजोबांचं. लग्न झालं तरी बाईचं नाव तेच राहतं. आता अमेरिकन फॉर्म शेवटच्या शब्दाला आडनाव समजतो. म्हणजे मुलाचं ‘आडनाव’ त्याच्या आजोबांचं, बापाचं ‘आडनाव’ मुलाच्या पणजोबांचं, आणि आईचं तिच्या स्वतःच्या आजोबांचं. एका घरातली माणसं कॉम्प्युटरच्या लेखी तीन घरांतली. त्यात छावण्यांतून आलेल्या कितीतरी जणांची जन्मतारीख कागदोपत्री १ जानेवारी. (आपल्याकडे गुरुजींनी शाळेत घालताना १ जून लिहून टाकलेली अख्खी पिढी आहेच. माझे सासरे त्यातलेच, त्यामुळे मला याचं नवल वाटलं नाही.)

नववीतल्या एका मुलीला सगळे शिक्षक शेवटच्या नावाने हाक मारायचे. ती एकदा काउंटरवर येऊन म्हणाली, “ते माझ्या आजोबांचं नाव आहे. त्यांना इंग्लिश येत नाही, तुम्ही उगाच बोलावताय.” तिच्या धाकट्या भावाची गंमत वेगळीच. चौथीत वंशवृक्षाचा कागद भरायला दिला होता, तीन पिढ्यांपुरत्या चौकटी. याला वडील, आजोबा, पणजोबा करत पंधरा-वीस नावं तोंडपाठ. घरी आजी घोकून घेते, त्याला अब्तिर्सी म्हणतात. त्याने मागच्या बाजूला लिहिलं, मग आणखी कागद मागितला. बाईंना वाटलं मुलगा बनवाबनवी करतोय.

पण तीच यादी मोठ्या मुलांना नकोशी होते, कारण त्यातूनच कबील, म्हणजे कूळ कळतं. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने सांगितलं की लग्नसमारंभात म्हातारी माणसं आधी हेच विचारतात. “मोगादिशूत त्यावरून माणसं मारली गेली आणि इथे मला त्यावरून सोयरीक सुचवतात,” असं म्हणाला. मला काय बोलावं सुचलं नाही. आपल्या वधू-वर मेळाव्यांचे फॉर्म मी भरलेले आहेत.

टोराँटोहून, शेजारीण

आमच्या मजल्यावर दोन सोमाली घरं. सकाळी अंजेरोचा वास येतो, आंबवलेल्या पिठाचा, आंबोळीचाच. मी पहिल्यांदा डबा घेऊन गेले ती याच वासावर. त्यांच्याकडे भातासोबत केळं खातात, तेही भाताच्याच घासात. आणि इटलीची सत्ता होऊन गेल्यामुळे पास्ता म्हणजे ‘बास्तो’ अगदी घरचा पदार्थ. त्या घरातल्या मुलाने शाळेत ‘पारंपरिक पदार्थ’ म्हणून स्पॅगेटी नेली तेव्हा त्याला परत पाठवून दुसरं काहीतरी आणायला सांगितलं. आई संतापली होती. मला तर वाटतं त्या मुलाइतका प्रामाणिक डबा त्या दिवशी दुसऱ्या कोणी आणला नसेल.

शनिवार-रविवारी मुलं डुग्सीला, म्हणजे कुराणाच्या शाळेला जातात. सोमालीचा वर्ग मात्र वेगळा नसतो, ती घरीच येईल असं गृहीत. ती कानाला कळते, तोंडातून इंग्लिश येतं. आजी सोमालीत रागावते, नातू इंग्लिशमध्ये उलट उत्तर देतो, भांडण मात्र बिनचूक चालतं. सोमालीला सरकारी लिपी १९७२ साली मिळाली, रोमन. आजी त्याआधीची, लिहायला शिकलीच नाही. नातेवाइकांची ‘पत्रं’ तिच्याकडे कॅसेटवर आहेत, एक मोठं खोकं भरून. नातीने ती फोनवर उतरवून घ्यायला सुरुवात केली आणि अडली, कारण आत्याबाई मध्येच कवितेत बोलायला लागतात. आजीला बोलवावं लागतं. मग आजी अर्थ सांगायच्या ऐवजी पुढची ओळ म्हणते.

कार्डिफहून

वरच्या यादीत कार्डिफ घातलंत, पण इथे १९९१ हे साल लागू होत नाही. सोमाली खलाशी इथल्या बंदरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहेत. ब्रिटिश जहाजांवर आपले रत्नागिरीकडचे खलाशी असत, तसेच हेही, बरेचसे इंजिनखोलीत कोळसा ओढणारे. माझ्या ऑफिसातली एक मुलगी त्यांच्यापैकी, चौथी पिढी, वेल्श उच्चार. महमूद मत्तान या सोमाली खलाशाला १९५२ मध्ये इथे फाशी दिलं आणि १९९८ मध्ये कोर्टाने ती शिक्षाच रद्द केली. हे तिच्या घरात आपल्या माणसाची गोष्ट म्हणून सांगितलं जातं. तिला नव्याने आलेले सोमाली ‘तू खरी सोमाली नाहीस’ म्हणतात, आणि गोरे शेजारी ‘तुमचे लोक कधी आले?’ विचारतात. ती दुसऱ्या प्रश्नाला “तुमच्या आजोबांच्या आधी” असं ठेवणीतलं उत्तर देते.

कोलंबस, ओहायो : मैत्रिणीने सांगितलेलं, तिच्या परवानगीने

“घरी आई म्हणायची, आपण सोमाली, ‘त्या’ काळ्या मुलांसारखं राहू नका. शाळेतली काळी मुलं म्हणायची, तू आमच्यातली नाहीस, आफ्रिकन आहेस, आणि डोक्यावर ते काय घातलंयस? मी आठवीत होते. माझ्या भावाला पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावली तेव्हा त्याने कबील विचारला नाही. मे २०२० मध्ये मिनियापोलिसमध्ये पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाला मारलं, तेव्हा माझी चुलत भावंडं तिथल्या मोर्च्यात होती. आई फोनवर रडत होती, घरी या म्हणत होती. नंतर काही महिन्यांनी आईनेच पहिल्यांदा ‘आपण काळी माणसं’ असं म्हटलं, जेवता जेवता. कोणी काही बोललं नाही. भावाने मीठ मागितलं.”

लंडनहून, थोडक्यात

धावपटू मो फराहचं २०१२ च्या ऑलिंपिकमधलं दुहेरी सुवर्ण स्टेडियममध्ये बसून पाहिलं होतं. तेव्हा वर्तमानपत्रांना तो शंभर टक्के ब्रिटिश वाटत होता. २०२२ मध्ये त्याने सांगितलं की नऊ वर्षांचा असताना त्याला दुसऱ्याच मुलाच्या नावावर इथे आणलं आणि घरकामाला जुंपलं. खरं नाव हुसेन अब्दी काहिन. माझा एक सोमाली विद्यार्थी दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाला, “आमच्या घरी कोणाला धक्का बसला नाही.”

पुण्याहून

पुण्यात शिकायला सोमाली विद्यार्थी येतात हे इथल्या अनेकांना माहीत असेल. माझा एक वर्गमित्र त्यातला. त्याच्या बहिणीचा मुलगा मिनेसोटात वाढला, सोळाव्या वर्षी शाळा बुडवू लागला, गांजा सापडला. घरच्यांनी ‘सुट्टीला’ म्हणून नैरोबीला नेलं आणि पासपोर्ट काढून घेतला. याला धकन-एलिस म्हणतात, संस्कृतीकडे परत आणणं. मुलगा दोन वर्षं तिथे होता. तिथली सोमाली पोरं त्याच्या सोमालीला हसायची आणि त्याला अमेरिकन म्हणायची. म्हणजे ज्या रोगासाठी औषध दिलं तोच वाढला.

मित्राचं मत वेगळं आहे, तो म्हणतो पोरगा वाचला, त्याच्यासोबतचे दोघे तुरुंगात आहेत. भाच्याला विचारलं तर तो म्हणतो दोन्ही खरं. मला स्वतःला फसवून नेणं पटत नाही. अशा नावाखाली चालणाऱ्या काही ठिकाणी मुलांना कोंडून ठेवल्याच्या, मारल्याच्या बातम्या आलेल्या आहेत. याला नुसतं ‘संस्कार’ म्हणून सोडून देऊ नये.

अमेरिकेतलं मेन राज्य, लुइस्टनजवळून

सगळे ‘सोमाली मुलं’ म्हणतायत म्हणून. आमच्याकडे बरीच मुलं सोमाली बांटू आहेत. एकोणिसाव्या शतकात टांझानिया, मोझांबिक, मलावीकडून गुलाम म्हणून नेलेल्यांचे वंशज. सोमालियात त्यांना हलकं लेखत. २००४ च्या आसपास अमेरिकेने अशा सुमारे १२ हजार जणांना आसरा दिला. इथे गोऱ्यांना फरक कळत नाही, सोमाली आयांना बरोबर कळतो. शाळेच्या फुटबॉल संघाने २०१५ मध्ये राज्याचं अजिंक्यपद जिंकलं, त्यात सोमाली मुलं होती आणि गाव रस्त्यावर आलं होतं. मैदानावर चालतं. लग्नाची गोष्ट निघाली की जुने नियम बाहेर येतात. एका बांटू मुलाचं प्रेमप्रकरण यावरून मोडलेलं मी जवळून पाहिलंय, अधिक लिहीत नाही.

वरच्या प्रतिसादांवर, सेंट पॉलहून

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेलेल्या सोमाली इल्हान ओमारचं नाव अजून कसं कोणी घेतलं नाही? त्या सभागृहात डोकं झाकायला १८३७ पासून बंदी होती, तिच्यासाठी २०१९ मध्ये नियम बदलला. इथल्या मुलींवर याचा परिणाम डोळ्यांनी दिसतो.

कोलंबसवाली, पुन्हा

दिसतो, मान्य. पण माझी मैत्रीण म्हणते, एक बाई निवडून आली की पुढची दहा वर्षं तिच्या प्रत्येक वाक्याचा जाब आम्हाला ऑफिसात द्यावा लागतो.

मिनियापोलिसहून, गोदामात शिफ्ट सुपरवायझर

आमच्याकडे एकोणीस वर्षांचा एक मुलगा रात्रपाळी करतो, दिवसा कॉलेज. पगार झाला की आधी हवाला, म्हणजे सोमालियात पैसे पाठवणं. आई पैसे पाठवायची तो वाटा आता त्याने उचललाय. सोमालियातल्या बाइदोआ शहरातला चुलत भाऊ, ज्याला तो कधीच भेटलेला नाही, त्याची फी भरतो. भाऊ व्हिडिओ कॉलवर त्याला खिजवतो, तू तर सोमाली बोलतोस ते टीव्हीतल्या परदेशी माणसासारखं. हा हसतो आणि फी भरतो. मी एकदा विचारलं, कशासाठी? म्हणाला, “आईने मला इथे आणलं, त्याच्या आईला जमलं नाही. एवढाच फरक आहे.” या ईदच्या आधी त्याने जास्तीच्या शिफ्ट मागितल्यात. भावाला आता आयफोन हवाय, आणि तोही नवा.