मदत हवी आहे – अपाची रिझर्वेशनवर काम केलेलं कोणी आहे का?

नमस्कार मंडळी, मी नर्स आहे, दोन महिन्यांपूर्वी अ‍ॅरिझोनात फोर्ट अपाची रिझर्वेशनवर (अमेरिकेतल्या अपाची या मूळनिवासी जमातीचा राखीव प्रदेश) व्हाइटरिव्हर गावी जॉइन झालेय. इथे कुत्र्यांच्या गोचिडांमुळे रॉकी माउंटन स्पॉटेड फिव्हर हा जीवघेणा ताप होतो, पुरळ उशिरा उठतं म्हणून रिपोर्टची वाट न बघता डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू करतात, अगदी लहान मुलांनाही. ते सगळं शिकले, अडतंय ते बोलण्यात. परवा एका आजींच्या घरी गेले तर पायरीवरच्या कुत्र्याच्या कानात गोचिडांचे झुपके, शेजारीच तापाने मलूल झालेला नातू, आणि मी घाबरून प्रश्नावर प्रश्न विचारत सुटले तशा आजी गप्पच झाल्या. सोबतच्या अपाची ताई नंतर म्हणाल्या, अनोळखी माणसाशी इथे लगेच बोलत नाहीत, आधी शांत बसायचं. पटलं मला, पण औषध पहिल्या पाच दिवसांत सुरू व्हायला हवं हो, उशीर झाला तर जीव जातो. मग घाई न दाखवता ताप कधीपासून आहे हे कसं काढून घ्यायचं? कोणी इंडियन हेल्थ सर्व्हिसमध्ये (इथल्या मूळनिवासींसाठीची सरकारी आरोग्यसेवा) किंवा तिकडे मेळघाट-गडचिरोलीत पाड्यांवर काम केलं असेल तर प्लीज सांगा, दारात गेल्यावर तुम्ही पहिलं काय बोलता? पुढच्या आठवड्यात परत त्याच आजींकडे जायचंय.