मदत हवी आहे: नाइटला स्ट्रोकचे तीन पेशंट, आधी कोणाकडे जायचं?

ताई-दादा, नागपुरात प्रायव्हेट हॉस्पिटलला स्टाफ नर्स आहे. नाइटला स्ट्रोकच्या तीन पेशंटमागे मी एकटी न् एक मावशी, आयसीयूत बेड नाही, गिळण्याची टेस्ट करणारे स्पीच थेरपिस्ट सकाळीच येतात.

एकाला संध्याकाळी क्लॉट (रक्ताची गुठळी) विरघळवायचं इंजेक्शन दिलंय, म्हणजे पहिले 2 तास दर 15 मिनिटांनी बीपी, प्युपिल (डोळ्याची बाहुली), हातापायाची ताकद, मग 6 तास अर्ध्या तासाने, बीपी 180/105 च्या आत. दुसऱ्या काकू गुंगीत, तोंड वाकडं, लाळ गळते, अजून गिळण्याची टेस्ट नाही म्हणून एनबीएम (तोंडाने काहीच द्यायचं नाही), तरी नातेवाईक चमच्याने चहा पाजून राहिले, अन् काकूंना खोकला येत नाही म्हणून त्यांना वाटतं सगळं ठीक आहे, मला त्याचीच जास्त भीती वाटते, कारण चहा श्वासनलिकेत गेला तरी खोकल्याशिवाय कळणार नाही. तिसरे आजोबा जुने, उजवी बाजू गेलेली, दर 2 तासांनी कूस बदलायची.

सध्या मी काकूंचं डोकं वर करून, सक्शन (घशातली लाळ ओढायचं मशीन) तयार ठेवून, सॅच्युरेशन बघून इंजेक्शनवाल्याकडे जाते, कूस बदलायला मावशी. बेडवर एनबीएमचा बोर्ड लावला, नातेवाइकांना समजावलं, ते बदलले की परत तेच. डॉक्टर फोनवर मिळतात, एक्स्ट्रा स्टाफ मिळणार नाही.

न्यूरो वॉर्डवाल्यांनी सांगा, 15 मिनिटांच्या चेकच्या वेळेलाच काकूंची घरघर सुरू झाली तर सक्शन आधी हे कळतं, पण तेवढ्यात चेकमधलं मावशीवर काय सोडता येतं, नुसतं मशीनचं बीपी चालेल का? आणि रात्री गिळण्याची टेस्ट तुमच्याकडे नर्स करते का सकाळपर्यंत थांबता?